सौभाग्यवतीला मत नाही, विधवेला आहे

अमेरिकन राज्यक्रांती आणि स्त्रियांचे हक्क म्हटलं की ॲबिगेल ॲडम्सचं ३१ मार्च १७७६ चं पत्र निघतं. नवे कायदे करताना बायकांना विसरू नका, असं तिने नवऱ्याला, म्हणजे पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन ॲडम्सला, बजावलं आणि जॉनने ते हसण्यावारी नेलं. मला मात्र त्याचं पुढचं पत्र महत्त्वाचं वाटतं. २६ मे रोजी मॅसॅच्युसेट्सचा राजकारणी जेम्स सलिव्हन याला लिहिताना जॉन हसत नाही. मतदानासाठी मालमत्तेची अट एकदा सैल केली की बायका मत मागतील, मिसरूड न फुटलेली पोरं मागतील, खिशात दमडी नसलेलाही मागेल, अशी त्याला धास्ती आहे. म्हणजे कुंपण मालमत्तेचं होतं, आणि ते काढलं तर बायकांना कशाने अडवायचं, हा प्रश्न त्याला तेव्हाच दिसला होता.

आता न्यू जर्सीला या. आज तिथे मराठी मंडळी भरपूर आहेत, पण हा इतिहास फारसा कानावर येत नाही. तिथल्या २ जुलै १७७६ च्या राज्यघटनेत मतदार म्हणजे 'सर्व रहिवासी'. अटी तीन: सज्ञान वय, काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) बारा महिने वास्तव्य आणि कर्ज वजा जाता पन्नास पौंडांची मालमत्ता. जमीनच हवी असं नाही. पुरुष हा शब्दच नाही. हा शब्द नजरचुकीने राहिला म्हणावं, तर १७९० च्या कायद्यात तेरापैकी सात काउंट्यांसाठी मतदाराला 'तो किंवा ती' म्हटलंय. १७९७ मध्ये ते राज्यभर लागू झालं.

मग बाई लग्नाची असेल तर? तिची चीजवस्तू कायद्याने नवऱ्याची. पन्नास पौंड तिच्या नावावर येणार कुठून? त्यामुळे मत अविवाहितेला आणि विधवेला. आपल्याकडच्या मानपानाच्या अगदी उलट! मालमत्ता असलेल्या मुक्त कृष्णवर्णीयांनाही मत होतं.

१७९७ मध्ये राज्याच्या विधिमंडळाच्या निवडणुकीत एसेक्स काउंटीतल्या एलिझाबेथटाउन गावच्या बायकांनी फेडरलिस्ट पक्षाच्या उमेदवाराला मतं टाकली. समोरच्या पक्षाचा जॉन काँडिक्ट जेमतेम निवडून आला. त्याने ते लक्षात ठेवलं असावं. १८०७ च्या फेब्रुवारीत एसेक्स काउंटीचं न्यायालय कोणत्या गावी बांधायचं, यावर मतदान झालं आणि बोगस मतांचा कहर झाला. पुरुष आणि पोरं बायकांचे कपडे घालून पुन्हा पुन्हा मत देऊन गेली, अशा तक्रारी झाल्या. निकाल रद्द झाला. लबाडी पुरुषांची, पण 'शिस्त' लागली बायकांना.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये काँडिक्टच्याच पुढाकाराने कायदा आला: मत फक्त मुक्त, गोऱ्या, पुरुष नागरिकाला. त्यातलं दुसरं कलम सहसा कुणी सांगत नाही. कर भरणाऱ्या गोऱ्या पुरुषाकडे पन्नास पौंड आहेत असं गृहीत धरायचं! मालमत्तेचं कुंपण गोऱ्या गरिबासाठी काढलं आणि त्याच कागदावर लिंगाचं आणि वर्णाचं कुंपण घातलं.

न्यू जर्सीच्या बायकांना मत परत मिळालं ते १९२० साली.