माइक देण्याआधी काम द्या

नमस्कार मंडळी,

मुलांमध्ये लीडरशिप यावी असं आपल्याला मनापासून वाटतं, आणि मग आपण त्यांना वक्तृत्वाच्या क्लासला घालतो. चांगलं बोलता यायलाच हवं. पण चार माणसांचा भार अंगावर घ्यायला ती कुठे शिकणार?

गाडगेबाबा गावात आले की आधी हाती खराटा घेत. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तन. सावित्रीबाई फुले 1897 च्या प्लेगमध्ये रोग्यांना स्वतः दवाखान्यात पोहोचवत होत्या. वयाची पासष्टी उलटलेली, 1848 पासून मुलींच्या शिक्षणासाठी झिजलेली ही बाई! त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्चला त्या गेल्या. अशा माणसांना पुढारीपण मागावं लागत नाही.

अमेरिकन व्यवस्थापन-विचारवंत रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी 1970 मध्ये सेवक-नेतृत्वाचा, म्हणजे नेता हा आधी सेवक असावा असा, विचार मांडला, तेव्हा त्याची कसोटीही सांगितली: ज्यांची सेवा केली ती माणसं वाढली का? अधिक शहाणी, अधिक स्वतंत्र झाली का? मला ही कसोटी फार मोलाची वाटते. सगळं स्वतःच उरकणारा माणूस कितीही राबला तरी भोवतालच्यांना पांगळं करून ठेवतो. आईवडील म्हणून आपणही हेच करतो, प्रेमापोटीच.

नाटकाच्या तालमीत प्रॉम्प्टिंगला बसलेली एक शाळकरी मुलगी मी पाहिली. सुरुवातीला कुणी जरा थांबलं की ती अख्खं वाक्य सांगून मोकळी व्हायची. हळूहळू ती नटाच्या चेहऱ्याकडे बघायला लागली. हा विसरलाय की मुद्दाम थांबलाय, हे तिला कळू लागलं. मग ती फक्त पहिला शब्द द्यायची, तोही त्याच्यापुरता. पुढचं वाक्य त्याचं त्याला सापडायचं. टाळ्या अर्थातच नटांना मिळाल्या. आपल्यामुळे दुसऱ्याचं काम उभं राहिलं, हा आनंद मात्र त्या मुलीला कळला होता.

चारित्र्यही असंच रोजच्या कामातून घडतं: आठवण करून न देता शब्द पाळणं, हिशेब चोख ठेवणं, चुकलं तर आपल्यापेक्षा लहानाचीही माफी मागणं.

म्हणून आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीला माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या कार्यक्रमाच्या कामवाटपात मुलांची नावं खऱ्या कामांपुढे लिहा. नव्याने आलेल्या कुटुंबाला दारातून आत आणायचं, कुणाशी तरी ओळख करून द्यायची, मध्येच जाऊन विचारपूस करायची, हे एका मुलाकडे द्या. आणि पालकांनो, काम अडलं तर मागून जाऊन ते पुरं करू नका. त्यालाच विचारा, ‘आता काय करशील?’