न चिकटणाऱ्या तव्याची गोष्ट

नमस्कार श्रोतेहो. परवा तुळशीबागेत एक काकू नॉनस्टिक तवा उलटसुलट करून बघत होत्या. "धिरडं चिकटणार नाही ना?" दुकानदार म्हणाला, "काकू, काहीच चिकटणार नाही!" मला मात्र चिकटून राहणाऱ्या गोष्टीच आठवत होत्या.

तव्यावरचा तो गुळगुळीत थर 1938 साली अमेरिकेत अपघाताने सापडला. कार्बन आणि फ्लोरिन यांची गाठ त्यात इतकी घट्ट असते, की तेल, पाणी, आम्ल, कशालाच ती दाद देत नाही. याच गाठीची हजारो रसायनं पुढे रेनकोट, गालिचे, आग विझवायचा फेस अशा सगळीकडे पोचली. त्यांना म्हणतात पीफास. मातीतले जिवाणू शेणापासून लाकडापर्यंत सगळं पचवतात, पण ही गाठ त्यांनाही सहसा सुटत नाही.

आता तव्याची बाजूही सांगायला हवी. थराचा कपचा पोटात गेला तर तो बहुधा तसाच बाहेर पडतो. तवा रिकामा फार वेळ मोठ्या आचेवर तापवत ठेवू नका, एवढं पुरे. (माझ्या घरी बिडाचाच आहे, पण ते धिरड्याच्या जाळीसाठी!) खरी भानगड कारखान्यात आहे. हा थर बनवताना पीफोआ नावाचं रसायन वापरत. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळ ते ओहायो नदीत आणि प्यायच्या पाण्यात उतरलं. एका शेतकऱ्याच्या गाई मरू लागल्या, मामला कोर्टात गेला, आणि सुमारे 69,000 लोकांनी रक्त तपासायला दिलं. मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, वाढलेलं कोलेस्टेरॉल यांच्याशी त्याचा संबंध निघाला. शरीरातलं त्याचं प्रमाण नुसतं निम्मं व्हायला दोन-चार वर्षं लागतात. 2019 मध्ये स्टॉकहोम करारात, म्हणजे सहजी नष्ट न होणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय करारात, पीफोआवर जगभर बंदी ठरली, काही सवलती ठेवून. कारखानदार त्याच कुळातल्या दुसऱ्या रसायनाकडे वळले. नाव बदललं, गाठ तीच.

"आम्ही पाणी उकळून पितो," असं कोणी म्हणेल. उकळून पीफास जात नाही. उलट पाणी आटतं, रसायन उरतं. आर.ओ. यंत्र त्यातलं बरंचसं अडवतं. पण अडवलेलं जातं कुठे? यंत्राच्या बारक्या नळीतून मोरीत, मोरीतून मुठेत. मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात ही गाठ तुटत नाही. मुठेचं पाणी पुढे भीमेला मिळतं, भीमा उजनीत जाते, आणि उजनीचं पाणी सोलापूरकर पितात.