टेबलावर उभी केलेली मुलगी : पेंडल, १६१२

(पडद्यावर: पेंडल टेकडी, ढग खाली उतरलेले, दगडी कुंपणं, मेंढ्या.)

मार्च १६१२. इंग्लंडच्या उत्तरेला लँकाशायर, तिथल्या कोल्न गावाजवळची वाट, आणि त्या वाटेनं एक फेरीवाला चाललाय, नाव जॉन लॉ, पाठीवर गाठोडं. समोरून एक तरुण मुलगी येते, अ‍ॅलिझन डिव्हाइस, भीक मागून आणि मिळेल ते काम करून जगणाऱ्या घरातली. ती म्हणते, टाचण्या दे. आता टाचण्या म्हणजे आपल्याला किरकोळ चीज वाटते, पण तेव्हा तार ओढायची, टोक घासायचं, वर बारीक डोकं बसवायचं, सगळं हातानं, आणि बायकांचे कपडे अंगावर नीट बसवायला टाचण्याच लागायच्या, शिवाय मंतरतंतर आणि घरगुती उपचारांतही त्या चालायच्या. म्हणजे फुकट वाटत फिरायची वस्तू नव्हे ती. जॉन गाठोडं सोडायला तयार नाही. अ‍ॅलिझन चिडते. आणि थोडं पुढे जातो न जातो तोच हा माणूस धाडकन खाली कोसळतो.

त्याला उचलून जवळच्या गुत्त्यात नेलं. तोंड वाकडं झालेलं, बोलणं कळेना, पाय लुळे पडलेले. आज कुठलाही डॉक्टर दारातूनच सांगेल की हा स्ट्रोक आहे. पण तेव्हा कुणाच्या डोक्यात ते आलं नाही, आणि मुख्य म्हणजे अ‍ॅलिझनच्याही डोक्यात आलं नाही. तिला स्वतःलाच वाटलं की हे आपण केलं. जॉनच्या मुलाला निरोप गेला, तो हॅलिफॅक्सहून आला आणि तिला बापासमोर घेऊन गेला, तिनं माफी मागितली, आणि जॉननं माफ केलं सुद्धा. तिथेच विषय संपला असता. पण मुलानं प्रकरण नेलं मॅजिस्ट्रेटकडे.

मॅजिस्ट्रेट म्हणजे रॉजर नॉवेल, रीड हॉलचे जमीनदार. यांची परिस्थिती पण जरा बघा. गादीवर पहिला जेम्स राजा, ज्यानं १५९७ मध्ये चेटकिणींवर स्वतः एक अख्खं पुस्तक लिहिलंय, १६०४ मध्ये नवा कडक कायदा आलाय, चेटूक करून कुणाला मारलं तर फाशी आणि कुणाला काही केलं नसलं तरी नुसती भुतं पाळली, त्यांना खाऊ घातलं तरी फाशी. १६०५ मध्ये पार्लमेंट उडवायचा काही कॅथलिकांचा गनपावडरचा कट पकडला गेलाय, तेव्हापासून कॅथलिक लोकांवर करडी नजर, आणि लँकाशायर हा कॅथलिकांचा बालेकिल्ला. १६१२ मध्येच इथल्या मॅजिस्ट्रेट लोकांना हुकूम होता की सरकारी, म्हणजे प्रोटेस्टंट, चर्चला न येणाऱ्यांच्या याद्या करा. अशा वेळी दारात एक मुलगी येते आणि म्हणते, हो, मीच केलं, माझ्या आजीनं मला शिकवलं.

आजी म्हणजे एलिझाबेथ सदर्न्स, सगळे तिला डेमडाइक म्हणायचे, ऐंशीच्या घरातली, डोळ्यांनी आंधळी. लोकांची गुरंढोरं आजारी पडली की तिला बोलवायचे. तिच्याच बरोबरीची दुसरी म्हातारी अ‍ॅन व्हिटल उर्फ चॅटॉक्स, लोकर पिंजणारी. दोन्ही घरांचं जुनं भांडण होतं, चोरीचं, कपड्यांचं, ओटच्या पिठाचं. अ‍ॅलिझननं सांगितलं की माझा बाप दरवर्षी चॅटॉक्सला मापभर पीठ द्यायचा, का तर तिनं आमच्या वाकड्यात जाऊ नये, एका वर्षी दिलं नाही आणि बाप मेला. मग काय, इकडच्यांनी तिकडच्यांची नावं घेतली, तिकडच्यांनी इकडच्यांची, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही म्हाताऱ्या, अ‍ॅलिझन आणि चॅटॉक्सची मुलगी अ‍ॅन रेडफर्न, चौघी लँकेस्टर कॅसलच्या तुरुंगात. डेमडाइक तर खटल्याआधीच आत मेली.

इथवरची केस तशी साधी होती, दोन गरीब घरं आणि एक फेरीवाला. मोठी झाली ती जेवणामुळे.

(पडद्यावर: जुन्या छापील पुस्तकाचं पान. कॅमेरा हळूहळू ओळींवरून.)

१० एप्रिल १६१२, गुड फ्रायडे. डेमडाइकच्या घरी, म्हणजे मॉल्किन टॉवरला, घरचे आणि शेजारपाजारचे जमले. चौघी आत आहेत म्हटल्यावर लोक जमणारच, आपल्याकडेही जमले असते. आता तिथे काय घडलं ते आपल्याला कळतं अ‍ॅलिझनच्या धाकट्या बहिणीकडून. जेनेट डिव्हाइस. वय साधारण नऊ वर्षं. तिनं नॉवेलना सांगितलं की वीसेक जण होते, जेवायला बीफ होतं, बेकन होतं आणि भाजलेलं मटण होतं, आणि ते मटण बार्ली गावातल्या एकाच्या मेंढ्याचं, जो माझा भाऊ जेम्स आदल्या रात्री घेऊन आला. गुड फ्रायडेला, म्हणजे ख्रिश्चनांच्या उपासाच्या दिवशी, चोरलेल्या मेंढ्याचं मटण. आणि भावानं स्वतःच्या जबानीत पुढचं सांगून टाकलं की तिथे ठरलं, तुरुंगाचा जेलर कोव्हेल याला मारायचं आणि लँकेस्टर कॅसल उडवून द्यायचा. गनपावडरचा कट ताजा असताना हे वाक्य ऐकून नॉवेलसाहेबांचे कान कसे टवकारले असतील ते मी सांगायला नको.

हे सगळं आपल्यापर्यंत आलं ते थॉमस पॉट्स नावाच्या कोर्टाच्या क्लार्कमुळे. त्यानं १६१३ मध्ये खटल्याचं पुस्तक छापलं, जजसाहेबांनी ते तपासून दिलं, आणि अर्पण कुणाला केलं, तर त्याच गनपावडरच्या कटातल्या गाय फॉक्सला पकडणाऱ्या थॉमस निव्हेटला. म्हणून मी पॉट्स वाचताना जरा सांभाळून वाचतो. शब्दाला शब्द लिहिल्यासारखं दिसतं खरं, पण हा माणूस वरच्यांना खूश करायला बसलेला आहे.

तर ऑगस्ट उजाडला. १८ तारखेला लँकेस्टरला कोर्ट भरलं, जज दोन, जेम्स ऑल्थम आणि एडवर्ड ब्रॉम्ली. आरोपींना वकील नाही, अशा गुन्ह्यात तेव्हा मिळायचाच नाही. जेनेटची आई एलिझाबेथ डिव्हाइस उभी आहे, आणि पॉट्स आधी तिच्या दिसण्यावर घसरतो, एक डोळा खाली एक वर, असा कुरूप चेहरा म्हणून. ती म्हणतेय मी काही केलं नाही. मग पुकारा होतो, जेनेटला आणा.

मुलगी आत येते. आईला कळतं ही कशाला आणलीय. ती जोरजोरात ओरडायला लागते, शिव्याशाप देते, इतकं की मुलीला रडू फुटतं आणि ती जजना म्हणते, आई समोर असेल तर मला बोलता येणार नाही. आईला कसंबसं बाहेर काढतात. आणि मग मुलगी एवढीशी, कुणाला दिसेना, म्हणून तिला उचलून भर कोर्टात टेबलावर उभी करतात. तिथून ती सांगते की माझी आई तीन-चार वर्षांपासून चेटकीण आहे, तिच्याकडे बॉल नावाचा तपकिरी कुत्रा येतो, ती त्याला माणसं मारायला सांगते.

(पडद्यावर पाटी: 'इथून पुढचा भाग काल्पनिक'.)

आता इथून पुढचं जरासं कल्पनेतलं आहे, पॉट्समध्ये नाही. आदली रात्र धरा. एक खोली, एक मेणबत्ती. ओटच्या भाकरीचा तुकडा मुलीच्या हातात, आणि समोर कोणीतरी मोठं माणूस. "परत सांग बघू, कोण कुठे बसलं होतं?" ती सांगते. आई चुलीपाशी, भाऊ दारापाशी. "आणि ती रफलीची बाई, चांगल्या कपड्यातली?" ती थांबते, समोरच्याच्या तोंडाकडे बघते, सांगते. समोरचा मान हलवतो. कालही याच ठिकाणी मान हलली होती. "आणि जेवायला?" हे मात्र ती न थांबता सांगते, बीफ, बेकन, मटण, कारण हे तिला कुणी शिकवायला नकोय, त्या घरात पोटभर मटण मिळालेला दिवस कोण विसरेल. मेणबत्ती विझवताना तो माणूस म्हणतो, हुशार आहेस गं. असं तिला आजवर कुणी म्हटलेलं नाही.

(पाटी: 'पुन्हा रेकॉर्ड'.)

ती रफलीची बाई म्हणजे अ‍ॅलिस नटर. भिकारी वगैरे अजिबात नाही, खाऊनपिऊन सुखी घरातली विधवा. ही त्या जेवणाला का गेली असेल यावर आजही वाद आहेत. १९ तारखेला जज ब्रॉम्लींनी जेनेटची परीक्षा घेतली, आणि यासाठी त्यांना मार्क द्यावेच लागतील. कैद्यांची ओळख परेडच केली म्हणा ना. मुलगी सरळ गेली, अ‍ॅलिसचा हात धरला, जेवताना ही कुठे बसली होती तेही सांगितलं. मग जजनी खोटंच नाव टाकलं, जोन अ स्टाइल, म्हणजे आपल्याकडचा अमुकतमुक. ही होती का तिथे? मुलगी म्हणाली, हे नावच मी ऐकलं नाही. झालं, साक्ष पक्की. अहो, पण मुलगी नावं ओळखते एवढंच त्यातून कळलं, अ‍ॅलिसनं कुणाला मारलं हे कुठे कळलं?

आणि याच्यापुढचा भाग तर मला जास्त खटकतो. त्याच दिवशी, त्याच कोर्टात, सॅमल्सबरी गावच्या तीन बायका उभ्या होत्या, आणि त्यांच्यावर आरोप करणारी ग्रेस सोवरबट्स, १४ वर्षांची. तिनं तर आपली आजी आणि आत्या मूल मारून खातात असं सांगितलेलं. तिथे मात्र जजना शंका आली, उलटसुलट विचारलं, आणि निघालं काय तर एका कॅथलिक पाद्र्यानं तिला हे पढवलं होतं. तिघी सुटल्या. पॉट्स अगदी खुशीत लिहितो. म्हणजे पोरांना पढवता येतं हे त्या कोर्टाला चांगलं माहीत होतं, पढवणारा शत्रूपक्षातला असला की लगेच दिसायचं.

अ‍ॅलिझनचा खटलाही त्याच दिवशी. जॉन लॉला कोर्टात आणलं, तशाच लुळ्या अवस्थेत, आणि ही गुडघ्यांवर पडून रडली. जजनी विचारलं, याला बरं करू शकतेस का? म्हणाली, नाही.

२० ऑगस्ट १६१२ ला लँकेस्टरला दहा जणांना फाशी दिली. जाळलं नाही, इंग्लंडमध्ये चेटकिणींना फाशीच व्हायची. त्यात चॅटॉक्स होती, तिची मुलगी होती, अ‍ॅलिस नटर होती, आणि जेनेटची आई, भाऊ, बहीण, तिघं. जेनेट प्रेस्टन नावाच्या आणखी एकीला जुलैमध्येच यॉर्कला फाशी झालेली, तिचंही नाव त्या जेवणात होतं.

आज तुम्ही तिकडे गेलात तर 'विच वे' नावाची बस आहे, दुकानांत झाडूवरच्या बाहुल्या आहेत, आणि रफलीत २०१२ मध्ये अ‍ॅलिस नटरचा पुतळा उभा केलाय, हातात साखळदंड. पुतळा मला आवडला, बाहुल्या नाही.

आता पुढे. वीसेक वर्षं गेली. १६३३ चा शेवट, तोच पेंडलचा परिसर, आणि एडमंड रॉबिन्सन नावाचा दहा वर्षांचा पोरगा सांगायला लागला की मला दोन शिकारी कुत्रे दिसले, त्यातला एक बाई झाला, तिनं मला एका घरी नेलं, तिथे बायका दोर ओढत होत्या आणि वरून वाफाळतं मटण, लोणी, दूध पडत होतं. परत जेवणच! बापानं पोराला घेऊन चर्च-चर्च फिरवलं, चेटकिणी ओळखून द्यायचे पैसे घेतले. १६३४ मध्ये लँकेस्टरच्या ज्युरीनं बऱ्याच जणांना दोषी ठरवलंही, पण या वेळी जज थांबले आणि प्रकरण राजापर्यंत गेलं. चार बायकांना लंडनला नेलं, राजाचे डॉक्टर विल्यम हार्वी, हो तेच, रक्ताभिसरणवाले, त्यांच्या देखरेखीखाली सर्जन आणि सुइणींनी तपासलं, धड काही सापडलं नाही. लंडनच्या ग्लोब थिएटरनं मात्र निकालाची वाट न बघता त्यावर नाटक लावून टाकलं.

मग पोराला बापापासून वेगळं ठेवलं आणि तो फुटला. सगळं रचलेलं. गुरं आणायला सांगितलेलं, हा खेळत बसला, मार चुकवायला गोष्ट केली. आणि गोष्ट सुचली कशी? तर म्हणाला, वीस वर्षांपूर्वी मॉल्किन टॉवरला चेटकिणींची मेजवानी झाली होती असं शेजारी बोलताना ऐकलं होतं.

राजानं कुणाला फाशी होऊ दिली नाही. पण तुरुंगात खाल्ल्याप्यायल्याचे पैसे भरल्याशिवाय सुटका नाही अशी तेव्हाची रीत, त्यामुळे ऑगस्ट १६३६ च्या यादीत त्यातल्या काही जणी अजून लँकेस्टर कॅसलमध्येच दिसतात. त्या यादीत एक नाव आहे जेनेट डिव्हाइस. आरोप, विल्यम नटरची बायको इसाबेल हिला चेटूक करून मारल्याचा. ती हीच जेनेट की त्याच नावाची दुसरी कुणी, यावर इतिहासकार भांडतात. कादंबऱ्या आणि नाटकं लिहिणारे मात्र बिनधास्त तीच धरतात, आणि त्यांना मी दोष देणार नाही.