शिंपल्याची साक्ष

श्रोतेहो, नमस्कार. बडोद्यात बसून समुद्रातल्या शिंपल्यांबद्दल कशाला बोलायचं, असं तुमच्या मनात आलंच असेल. पण आपली विश्वामित्री पुढे ढाढरला मिळते आणि ढाढर खंभातच्या आखाताला. पूर ओसरला की काठच्या झाडांवर प्लास्टिकच्या पिशव्यांच्या चिंध्या लोंबताना दिसतात. त्या निदान दिसतात तरी. उन्हात विटून त्यांचे पाच मिलिमीटरहून बारीक तुकडे झाले, की त्याला म्हणायचं मायक्रोप्लास्टिक. त्यात आपल्या कृत्रिम कपड्यांचे धागेही आले. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाने २०१६ साली मोजून पाहिलं, तर सहा किलो अॅक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांहून जास्त तंतू सुटले.

एवढं बारीक काही समुद्रात मोजायचं कसं? बादलीभर पाणी घेतलं तर भरती-ओहोटीबरोबर हिशेब बदलतो, आणि जाळं टाकलं तर सगळ्यात बारीक कण त्यातून निसटतात. म्हणून शास्त्रज्ञ शिणाणे, कालवं अशा खडकाला चिकटणाऱ्या शिंपल्यांकडे वळले. ही मंडळी एका जागी चिकटून दिवसभर पाणी गाळत बसतात. शिंपल्यांवरून पाण्यातलं प्रदूषण ओळखायची ही कल्पना एडवर्ड गोल्डबर्ग या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७५ साली मांडली, ती जड धातू आणि कीटकनाशकांसाठी. अमेरिकेत १९८६पासून त्यावर सरकारी पाहणी सुरू झाली. प्लास्टिकचा शोध त्याच वाटेने पुढे गेला.

प्रयोगशाळेतलं काम मोठं चिकाटीचं. शिंपला उघडून आतलं मांस पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या दहा टक्के द्रावणात घालून उबेत ठेवतात. मांस विरघळतं, बरंचसं प्लास्टिक टिकतं. मग ते गाळून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. एखादा निळा धागा दिसला की तापलेली सुई जवळ न्यायची. प्लास्टिक असेल तर वळतं, वितळतं. खात्री मात्र अवरक्त किरणांच्या यंत्रावरच होते. काम करणाऱ्याने सुती कोटच घालायचा, नाहीतर स्वतःच्याच स्वेटरचा धागा शिंपल्याच्या नावावर जायचा! शेजारी एक रिकामी बशीही उघडी ठेवतात. हवेतून तिच्यात जेवढे धागे पडले, तेवढे हिशेबातून वजा.

पण हा साक्षीदार चोखंदळ आहे. इव्हान वॉर्ड हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली दाखवलं, की शिंपले मोठे कण बुळबुळीत पदार्थात गुंडाळून, न गिळताच बाहेर टाकतात. गिळलेल्यातलंही बरंच लवकर बाहेर पडतं. तेव्हा शिंपल्यात कण कमी सापडले म्हणून पाणी स्वच्छ, असं म्हणता येत नाही. खंभातच्या आखातासारख्या गढूळ पाण्यात तर ही निवड आणखी गुंतागुंतीची. माझं मत विचाराल तर पाणी, गाळ आणि शिंपला तिन्ही एकत्र तपासावेत. पाण्यात काय आहे यापेक्षा खाणाऱ्याच्या पोटात काय जातं, हे शिंपला जास्त खरं सांगतो. माशाचं आतडं आपण काढून टाकतो. तिसऱ्या, म्हणजे खायचे छोटे शिंपले, मात्र पोटासकट खातो.

सुट्टीत कोकणात जाऊन तिसऱ्यांच्या कालवणावर ताव मारणारी घरं आपल्याकडे कमी नाहीत. जिवंत तिसऱ्या मिठाच्या पाण्यात ठेवून वाळू ओकवायची रीत घरोघरी आहेच. स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवल्यावर त्या वाळूबरोबर थोडं प्लास्टिकही टाकतात, असं प्रयोगांत दिसलंय. सगळं मात्र जात नाही. नमस्कार.