घड्याळ खिशात ठेवा

[पडद्यावर: उघड्या तळहातावर बर्फाचा खडा. बोटांच्या फटींतून पाणी ठिबकतंय.]

हा खडा मुठीत धरायचा आणि 1 मिनिट सोडायचा नाही. एवढंच. बाळंतपणात सोबत कशी करायची ते शिकवणाऱ्या या वर्गात आठ जोड्या आहेत, आठही जणींचे दिवस भरत आलेले. कुणासोबत नवरा आलाय, कुणासोबत बहीण, एकीसोबत तिची आई. बर्फ सगळ्यांच्या हातात दिलाय. शिकवणाऱ्या बाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "सेकंदकाट्यावरून नजर हलवू नका."

पंधराव्या सेकंदाला कुणीतरी खुदकन हसतं. तिसाव्याला खोली गप्प. चाळिसाव्याला एक होणारे बाबा खडा हळूच दुसऱ्या हातात सरकवतात. कॅमेरा नेमका त्यांच्यावरच होता, नाइलाज आहे.

दुसऱ्या फेरीला बाई घड्याळावर ओढणी टाकतात. आता बर्फ एकाच्याच हातात. दुसऱ्याने पाठीवर हात ठेवायचा आणि त्याच्या सोबतीने लांब, सावकाश श्वास सोडायचा. मिनिट तेवढंच, बर्फही तितकाच गार. पण बाई "झालं" म्हणतात तेव्हा मघाचे बाबा विचारतात, "इतक्यात?"

बर्फाची आणि बाळंतकळांची बरोबरी होत नाही, हे बाई आधीच सांगून टाकतात. साम्य एकच. कळही चढते, शिगेला पोहोचते आणि ओसरते, आणि हे सगळं साधारण मिनिटभरात. मग पुढची कळ येईपर्यंत विसावा. हा विसावा सिनेमात कधी दिसत नाही. तिथली बाई पाणमोट फुटल्यापासून बाळ रडेपर्यंत सलग किंचाळत असते. तेच बघून आलेल्या सोबत्याला वाटतं, दोन कळांच्या मध्येही आपण काहीतरी करत राहायला हवं. खरं तर त्या दोन-तीन मिनिटांत तिला डोळे मिटू द्यावेत, घोटभर पाणी द्यावं आणि बोलू नये.

[पडद्यावर: आलेखाचा कागद. एक रेघ आधी सपाट जाते, मग चढ घेते.]

बाळंतपणाला घड्याळ लावलं कुणी? 1955 साली अमेरिकेतले डॉक्टर इमॅन्युएल फ्रीडमन यांनी 500 पहिलटकरणींच्या प्रसूतीचा आलेख मांडला. गर्भाशयाचं तोंड किती वेळात किती उघडतं, याचा आलेख. त्यावरून पुढे लेबर रूममध्ये एक हिशेब रूढ झाला: कळांनी जोर धरला की तासाला निदान 1 सेंटीमीटर. पूर्ण उघडणं म्हणजे 10. हा हिशेब अनेक दशकं टिकला. 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या मार्गदर्शक सूचनांत नोंदवलं की काही जणींसाठी हा वेग अवास्तव आहे. 5 सेंटीमीटरपर्यंतच्या सुरुवातीच्या टप्प्याला तर ठरावीक मुदतच नाही. एखादीला काही तास लागतात, एखादीची रात्र जाऊन पुन्हा संध्याकाळ होते, आणि तरी सगळं सुरळीत असू शकतं. "अजून चारच?" हे वाक्य म्हणून सोबत्याच्या तोंडी शोभत नाही.

तरीही घड्याळ लागतंच, सुरुवातीला. एक कळ सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंतचं अंतर मोजायचं. पुष्कळ जण कळ संपल्यापासून मोजतात आणि आकडा चुकतो. पहिल्या बाळंतपणासाठी ढोबळ खूण अशी: दर 5 मिनिटांनी कळ, प्रत्येक कळ मिनिटभराची, आणि हे तासभर टिकलं की निघायचं. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल, दवाखाना लांब असेल किंवा ही दुसरी खेप असेल, तर त्याआधीच.

फसव्या कळाही असतात. 1872 मध्ये जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्लिश डॉक्टरांनी त्यांचं वर्णन केलं, म्हणून आजही त्यांचंच नाव चालतं. पोट दगडासारखं घट्ट होतं आणि सैल पडतं. कूस बदलली, चार पावलं चाललं, पाणी प्यायलं की त्या बहुधा विरतात. खऱ्या कळा अशा विरत नाहीत. त्या आणखी जवळ येत जातात.

आणि काही वेळा मोजायचंच नसतं. रक्त जातंय, पाणमोटेचं पाणी हिरवट आहे, बाळाची हालचाल मंदावलीय, किंवा 37 आठवडे भरायच्या आत कळा सुरू झाल्यात. फोन करा आणि निघा.

[पडद्यावर: दोघं भिंतीशी उभी. तिने कपाळ मनगटांवर टेकवलंय.]

ही दोघं दुसऱ्यांदा आलीत. तिला विचारलं, पहिल्या वेळचं काय आठवतं? ती हसते. "हा फोनमध्ये डोकं घालून. 'चार मिनिटं बारा सेकंद,' असं मला सांगत होता. अहो, मला कळत होतं की!"

यंदा तो हात कुठे ठेवायचे ते शिकतोय. कमरेच्या खाली, माकडहाडाच्या वरच्या बाजूला, तळहाताचा मनगटाजवळचा भाग टेकवायचा आणि कोपर न वाकवता अंगाचं वजन टाकायचं. बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असली तर कळा कमरेतच जास्त जाणवतात. तेव्हा हा दाब फार कामाला येतो. पहिल्यांदा तो जेमतेम टेकवतो. "जोरात," ती म्हणते. तो थोडा रेटतो. "अजून." त्याचे कान लाल होतात. "हां. आता तिथेच राहा." चोळायचं नाही, हात हलवायचे नाहीत. कळ ओसरली की सोडायचं.

ती उभी आहे, तेही मुद्दाम. पलंगावर पडून राहण्यापेक्षा उभं राहणं, चालणं, बसणं यामुळे पहिला टप्पा सरासरी तासाभराहून थोडा जास्त कमी होतो, असं अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसलंय. सतत सोबतीचाही असाच आढावा झाला, 2017 मध्ये, 15 हजारांहून अधिक बायकांचा. ज्यांच्यासोबत कुणीतरी अखंड होतं, त्यांची सिझर कमी झाली आणि कळा सोसण्याचा काळही थोडा घटला. ते कुणीतरी नवराच हवा असं नाही. रक्त बघून ज्याला भोवळ येते त्याने हे आधी कबूल करावं आणि बदली माणूस ठरवून ठेवावा. शिवाय स्वतः खाऊन घ्यावं. उपाशी सोबती खाली कोसळला तर नर्सला दोन पेशंट होतात.

मग येते ती घटका, जिची कुणी नीट कल्पना देत नाही. गर्भाशयाचं तोंड जवळजवळ पूर्ण उघडलेलं असतं. तिचे पाय थरथरतात, कधी उलटी होते, आणि ती म्हणते, "मला नाही जमणार. घरी जाऊ." इथे बहुतेक सोबती वाद घालतात: जमेल, जमेल, अगं जमेल! बाई सांगतात, वाद नको. तिच्या तोंडासमोर तोंड आणा आणि एवढंच म्हणा, "ही एक कळ. माझ्याकडे बघ." तिने आधी नको म्हटलेलं एपिड्यूरल, म्हणजे कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीतून देतात ते औषध, आता मागितलं, तर जुनं बोलणं काढून दाखवायचं नाही. डॉक्टरांना विचारायचं. सिझर करायचं ठरलं, तरी सोबत्याचं काम तेच राहतं, फक्त जागा बदलते. परवानगी असेल तर तो तिच्या उशाशी बसतो.

[पडद्यावर: बाई कापडी बाहुली एका आईच्या छातीवर ठेवतात.]

बाळ बाहेर आलं की ते उघड्या अंगाने आईच्या उघड्या छातीवर. वर पांघरूण. वार पडायची अजून बाकी असते, तिचं डॉक्टर बघतात. बाळ ठणठणीत असेल तर नाळही लगेच कापत नाहीत, निदान 1 मिनिट थांबतात. म्हणजे शेवटी पुन्हा मिनिटच मोजायचं, पण ते तिथल्या लोकांनी. सोबत्याला जन्माची वेळ बघायची आठवण होऊन तो मान वर करेपर्यंत नर्सने ती मोठ्याने सांगून लिहूनही ठेवलेली असते.