आपलं गाव घेऊन कॉन्फरन्सला जा

(बेळगावात भूगोलाच्या एम.ए., एम.एस्सी.च्या मुलांसमोर केलेलं भाषण, लिहून काढताना थोडं सारखं केलंय.)

बसा बसा. मागं उभे आहेत त्यांनी पुढं या, पहिल्या दोन रांगा मोकळ्याच आहेत, कुणाला प्रश्न विचारत नाही मी. मला विषय दिलाय परिषदा आणि करिअरच्या संधी. यादी खिशात आहे, देणार आहे. पण त्याआधी एक गोष्ट बोलतो, कारण ती माझ्या डोक्यात पंचवीस-तीस वर्षं बसलीय आणि इतकी भूगोलाची पोरं एका जागी मला परत कधी मिळणार.

मला सांगा, 'भौगोलिक सलगता' हा शब्द घरात आजोबांच्या, वडिलांच्या तोंडून कुणीकुणी ऐकलाय? हात वर करा. बघा, निम्म्याच्या वर! दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात असं होईल? खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, सापेक्ष भाषिक बहुसंख्या. राज्यांची हद्द कशी ठरवायची त्याचं हे पाटसकर सूत्र, आपल्याकडं टपरीवर चहा पितापिता सांगतात. सीमाप्रश्नावर बोलायला मी आलो नाही, त्याला वेगळी सभा लागते आणि ती रात्री बारापर्यंत उठत नाही. मला एवढंच म्हणायचंय, की तालुका एकक धरला तर चित्र एक दिसतं आणि गाव एकक धरलं की तेच आकडे दुसरं काहीतरी सांगतात, हे आपल्याला हायस्कूलच्या आधी कळलेलं असतं. पुस्तकात याला 'मॉडिफाएबल एरियल युनिट प्रॉब्लेम' म्हणतात, लोक त्यावर पीएचडी करतात. आणि आपली पोरं कॉन्फरन्सला पेपर काय नेतात? 'भारतातील नागरीकरण : एक अभ्यास'. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मीही तेच केलं होतं. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, दूरचं होतं, दोन रात्री रेल्वे, रिझर्व्हेशन नाही. तेव्हा पीपीटी नव्हतं, ओएचपी होता, पारदर्शक प्लॅस्टिकच्या शीटवर मार्करनं लिहायचं आणि मशीनवर ठेवायचं. माझ्या आठ शीट होत्या, सगळ्या जनगणनेच्या तक्त्यांवरून उतरवलेल्या, आईच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून नेलेल्या, घामानं शाई फिसकटू नये म्हणून. नंबर लागला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, सगळ्यात शेवटचा. अध्यक्ष निघून गेलेले, गाडी होती म्हणे. हॉलमध्ये सहा माणसं, त्यातले दोघे खुर्च्या उचलायला आलेले. तिसऱ्या शीटला कुणीतरी सांगितलं, दोन मिनिटांत संपवा. चौथी शीट लागलीच नाही. आयोजकांवरचा तो राग अजून गेलेला नाही, आणि म्हणूनच आज मी कुठल्याही सत्रात अध्यक्ष असलो की शेवटच्या मुलाचा पेपर झाल्याशिवाय उठत नाही, माझी गाडी चुकली तरी.

तर मी चहाच्या लाईनीत उभा. पुढं एक वयस्कर प्राध्यापक, हिमाचलकडचे. कुठून आलास, विचारलं. म्हटलं बेळगाव. तिकडं पाऊस किती? आता हा प्रश्न साधा वाटतो, पण मला उत्तर देता येईना, कारण आपल्याकडं याला एक उत्तर नाहीच! माझं आजोळ कणकुंबीकडं, जिथं मलप्रभा उगवते, तिथं वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि आत्या दिली होती अथणीला, तिथं सहाशेच्या आतबाहेर, तेवढा पडला तरी लोक खूश. मधलं अंतर सरळ रेषेत धरलं तर दीडशे किलोमीटरच्या आसपास. आजोळी जूनमध्ये गुरांना इरलं घालायची वेळ आणि आत्याकडं त्याच महिन्यात टँकरची वाट. मी हे सांगत सुटलो. त्यांनी सर्टिफिकेटचं पाकीट माझ्या हातात दिलं, म्हणाले, काढून दाखव. मी पाकिटाच्या मागं छेद काढला, डावीकडं घाट, मध्ये बेळगावचं पठार, उजवीकडं कोरडा भाग, खाली पिकं : भात, मग ऊस-तंबाखू, मग ज्वारी. चहा गार झाला. ते म्हणाले, अरे, मग हे का नाही वाचलंस?

पुढं मी त्यांना तीन पत्रं लिहिली, दोनांना उत्तर आलं. दुसऱ्यात लिहिलं होतं की एका जमीनवापराच्या प्रकल्पाला कन्नड आणि मराठी दोन्ही बोलणारा मुलगा पाहिजे. माझी पहिली नोकरी ती. आठ शीटांतली एकही तिथं कामाला आली नाही, चहाची लाईन आली.

आता तुमच्याकडं काय काय आहे बघा की. टोपोशीट, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा, तीसुद्धा आपल्याकडं सीमेवर आहे! बेळगाव ४८ आय वर, चिकोडी ४७ एल वर, अथणी ४७ पी वर. काकती मागं टाकून निपाणीकडं निघालात की थोड्याच वेळात १६ अंश अक्षांश ओलांडता आणि शीट बदलते. म्हादई आपल्याच खानापूर तालुक्यात उगवते आणि पश्चिमेला जाते, मलप्रभा तिथलीच, ती पूर्वेला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी चिकोडी-रायबाग-अथणीच्या गावांत शिरलं, तेव्हा कुठल्या घरात किती फूट चढलं ते तुमच्या काकांना भिंतीवर हात ठेवून सांगता येतं, तो डेटा कुठल्या सॅटेलाईटमध्ये नाही. बळ्ळारी नाल्यानं येळ्ळूर-शहापूरचा भात दरवर्षी बुडतो, लोक ओरडतात, पण कुठला सर्व्हे नंबर किती दिवस पाण्याखाली होता हे मोजून नकाशावर घातलेलं मी अजून बघितलेलं नाही. आणि भाषा! कन्नड पहाणी, म्हणजे आपला सातबारा, वाचायची, शेतकऱ्याशी मराठीत बोलायचं, रिपोर्ट इंग्रजीत द्यायचा, हे सगळं एकट्याला जमतं असा माणूस हैदराबाद-बेंगळुरूच्या कंपन्यांना सहज मिळत नाही ओ.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली म्हणे. बरं, यादी पळवतो, लिहून घ्या.

देशात दोन परिषदा धरून ठेवा, पुण्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन जिऑग्राफर्सची आणि नागीची, म्हणजे नॅशनल असोसिएशन ऑफ जिऑग्राफर्स, इंडियाची, दोन्ही दरवर्षी, जागा बदलत राहते. पहिल्या वर्षी पोस्टर द्या, पेपर नको, पोस्टरपुढं माणूस थांबतो आणि बोलतो. ॲबस्ट्रॅक्टमध्ये गावाचं नाव, काय मोजलं, काय निघालं, एवढं पहिल्या तीन ओळींत. आंतरराष्ट्रीय भूगोल काँग्रेस १९६८ ला दिल्लीत भरली होती, ती परदेशात असली तरी ॲबस्ट्रॅक्ट पाठवायला कुणी अडवत नाही. फॉसफोरजी, म्हणजे नकाशाच्या फुकट, खुल्या सॉफ्टवेअरवाल्यांची परिषद, आणि ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून केलेला खुला नकाशा, त्यांची स्टेट ऑफ द मॅप, दोन्हीकडं प्रवासखर्चाची मदत देतात, अर्ज करा.

शिकायला : देहरादूनच्या आयआयआरएसचे, म्हणजे रिमोट सेन्सिंगच्या सरकारी संस्थेचे, ऑनलाईन कोर्स फुकट आहेत. डीएसटीच्या, म्हणजे केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान खात्याच्या, २१ दिवसांच्या जिओस्पेशियल समर-विंटर स्कूलवर लक्ष ठेवा. नकाशे करायचं क्यूजीआयएस फुकट आहे, चोरीचं सॉफ्टवेअर नको. नेट-जेआरएफ झालं तर संशोधनाची शिष्यवृत्ती म्हणून महिन्याला ३७,००० मिळतात. गेटमध्ये २०२२ पासून जिओमॅटिक्सचा, म्हणजे मोजणी-नकाशाच्या तंत्राचा, पेपर आहे, आपल्यातल्या फार जणांना माहीत नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत नकाशांचे नियम सैल झाले, घरांच्या मालकीचे कागद द्यायच्या स्वामित्व योजनेत गावठाणांवर ड्रोन उडाले, कामं आहेत, पण सर्व्हे नंबर आणि हद्द कळणारा माणूस पाहिजे.

आणि एक, हे महत्त्वाचं. 'तीन हजार भरा, चार दिवसांत पेपर छापतो' असा मेसेज आला की डिलीट करा. मान्य जर्नलांची यूजीसीची केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली, आता जर्नल चांगलं की वाईट हे आपल्यालाच तपासायचंय. संपादक मंडळातल्या एका माणसाला ईमेल टाकून विचारा, तुम्ही खरंच यात आहात का. माझ्या एका विद्यार्थिनीनं आईची पाटली गहाण ठेवून असे पैसे भरले होते. ते जर्नल सहा महिन्यांत गायब झालं. पाटली सोडवायला तिला दोन वर्षं लागली.

हो, हो, संपवतो. वही फिरवलीय, त्यात नाव आणि गाव लिहा, तालुका नको, गाव. पाऊस सुरू झाला की पहिल्या रविवारी बळ्ळारी नाल्यावर जाऊ, सकाळी सातला येळ्ळूर रोडवर जमा, गमबूट आणि टेप घेऊन या. जीपीएस माझ्याकडं आहे.