टीपॉय व्हायच्या आधी

दृश्य – जुना मोंढा, सकाळची वेळ. बंद आडत दुकानाची पायरी.

मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात जा, एखाद्या आडत दुकानात अजून गादी टिकून असते आणि गादीवर ते बुटकं, उतरत्या झाकणाचं डेस्क. मुनीमजी मांडी घालून त्याच्यावर वही लिहायचे, झाकण उचललं की आत गल्ला, पावत्या, आणि एका कडेला दौत ठेवायची गोल खाच. आता हिशोब गेला कॉम्प्युटरवर, डेस्क गेलं भंगारवाल्याकडं, आणि तिथून ते चाललंय फ्लॅटमधल्या हॉलमध्ये, सोफ्याच्या पुढं, अँटिक सेंटर टेबल म्हणून.

आता खरं सांगायचं तर आपल्याकडच्या जुन्या घरात सेंटर टेबल नावाची वस्तूच नव्हती. ओसरीवर सतरंजी, बैठकीत गादी अन् लोड-तक्के, पाहुणा आला की पानाचं तबक समोर सरकवायचं, संपलं. त्यामुळं आज इथं जुनं म्हणून जे टेबल विकायला येतं ते बहुतेक वेळा आधी दुसरंच काहीतरी असतं, कुणाचा चौरंग, कुणाची धान्याची पेटी, कुणाच्या वाड्याच्या दाराची फळी. म्हणून दुकानदाराला किंमत विचारायच्या आधी विचारा, हे पहिलं काय होतं? खरं उत्तर मिळालं की ते घरात कुठं बसेल आणि कुठं नाही, ते आपोआप कळतं.

मुनीमजींचंच डेस्क घ्या. उतारावर चहाचा कप राहणार कसा? काही जण सरळ उतार कापून वर सपाट फळी ठोकतात, ते बघून जीव हळहळतो, कारण मग त्यात डेस्क उरतंच कुठं. त्यापेक्षा गादी-लोडाची बैठक असेल तिथं ते ठेवा, उंची बरोबर जुळते. सोफ्यापुढं ते पार बुटकं पडतं. सोफ्याची सीट साधारण १६ ते १८ इंच असते, टेबल तेवढंच किंवा एखाद-दोन इंच खाली पाहिजे, लांबी सोफ्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास, आणि मधे पाय जायला दीड फूट जागा. एवढं मोजून निघा म्हणजे दुकानात भुलायला होत नाही.

दृश्य – छावणीतला जुना बंगला, बाहेरून. झाडाखाली घडीचं टेबल.

एक माल मात्र खरोखर टेबल म्हणूनच आला, आणि तो आला फौजेबरोबर. निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज होती, अधिकारी इंग्रज, आणि तिच्या छावण्या औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला. १९०३ मध्ये ही फौज इंग्रजांच्या भारतीय सैन्यात मिसळून टाकली. फौजी अधिकाऱ्याला सारखं बिऱ्हाड हलवायला लागायचं, म्हणून त्याचं फर्निचर सुटं व्हायचं, पाय पिळून काढता यायचे, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या. असं टेबल विकायला आलं की पितळी कोपऱ्यावरून नख फिरवा. जुन्या कामात पट्टी लाकडात खाच करून बसवलेली असते, नख अडकत नाही. नुसती वरून ठोकली असेल तर नख अडकतं, आणि मग दुकानदाराची गोष्ट जरा सावकाश ऐका.

दृश्य – सुताराचं दुकान. उलटं केलेलं गोल टेबल, त्यावर टेप.

हे गोल टेबल सागवानी आहे. सुतार मामांनी ते आधी उलटं केलं, वरून बघितलंच नाही. म्हणाले, "वरचं तोंड कुणीबी धुतंय, पोट बघायचं." खालून लाकूड विनापॉलिशचं, रंध्याचे हलके खड्डे हाताला लागतात, पाय कुसू-सालाच्या जोडात बसलेले, म्हणजे एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत. मग त्यांनी टेप काढला. रेषांच्या दिशेनं मोजलं तर बरोब्बर ३० इंच. टेप आडवा धरला तर दोन सूत, म्हणजे पाव इंच कमी. म्हणजे टेबल गोल नाहीच, किंचित अंड्यासारखं झालंय. लाकूड वर्षानुवर्षं आटतं ते आडव्या अंगानं, उभ्या रेषेत जवळजवळ आटतच नाही, त्यामुळं जुनी अखंड लाकडाची गोल फळी दोन्हीकडून सारखी भरत नाही. नवीन प्लायवूडचं टेबल चहापत्तीच्या पाण्यानं कितीही काळं केलं तरी ते दोन्हीकडून सारखंच भरणार. आणि स्क्रू बघा, अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू निघाला तर तो १९३० च्या दशकाच्या आधीचा असूच शकत नाही. अर्थात दुरुस्तीत नवा स्क्रू पडतोच, एकट्या स्क्रूवरून टेबलाला खोटं ठरवू नका.

अँटिक कशाला म्हणायचं यावर दुकानात भांडणं होतात. साधारण शंभर वर्षं पार केलेली वस्तू अँटिक, त्याच्या अलीकडची जुनी ती विंटेज. आपल्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यातही शंभर वर्षांचीच अट आहे, आणि अशी ऐतिहासिक वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, म्हणून अमेरिकेतल्या भाच्याला सरप्राईज द्यायचा बेत असेल तर आधी चौकशी करा. बाकी घरात वापरायला विंटेजच बरं, पोरं वर पाय ठेवतात तरी बीपी वाढत नाही.

माळवदाच्या, म्हणजे जुन्या घरांवरच्या मातीच्या सपाट छपराच्या लाकडाची गोष्ट वेगळी. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, दगड-मातीच्या भिंती आणि वरून मातीचं जड माळवद माणसांच्या अंगावर आलं, आणि त्या घरांची जी धास्ती बसली ती बसलीच. पुढं स्लॅब आले, माळवदं उतरली, खांब आणि तुळया बाहेर निघाल्या. त्या तुळईच्या फळ्यांचं टेबल आज केलं तर ते आजचंच टेबल, लाकूड तेवढं जुनं. यात कमीपणा काही नाही, फक्त अँटिकचा भाव देऊ नका. खिळ्यांची भोकं आणि चुलीच्या धुरानं आलेला काळपटपणा राहू द्या, उलट त्यासाठीच तर ते घ्यायचं. पण एक काम करा, खाली वर्तमानपत्र अंथरा आणि लाकडावर हातोडीनं हलकं ठोका. पिठासारखा ताजा भुगा पडला तर कीड अजून आत आहे, ते घरात आणलं तर दाराच्या चौकटीपर्यंत पोचायला तिला वेळ लागत नाही.

पॉलिशचं मामांचं मत एकदम कडक. जुनं पॉलिश बहुतेक चपडा लाखेचं, स्पिरिटमध्ये भिजवून कापडाच्या पुडीनं लावलेलं. नजरेआडच्या जागी स्पिरिटचा बोळा फिरवला आणि बोळ्याला रंग लागून चिकट झालं तर लाखच. मग मशीन लावून घासू नका, त्या घासण्यात शंभर वर्षांचा रंग दहा मिनिटांत जातो. मऊ कापडानं धूळ काढा, गरज असेल तिथं लाखेचाच पातळ हात द्या. लाख गरम कपाला लई हळवी असते, पांढरं वर्तुळ उठतं, त्यामुळं कोस्टर पाहिजेतच. वर शहाबादी फरशी बसवलेली असेल तर लिंबू-चिंचेपासून जपा, तो चुनखडीचा दगड आहे, आंबट सांडलं की डाग राहतो.

दृश्य – हॉल. टेबल, त्यावर हिमरूची पट्टी, एक बिदरी डबी.

सजवायचं म्हणाल तर लोक इथंच माती खातात, फुलदाणी, मेणबत्त्या, प्लास्टिकची वेल, तीन जाडजूड पुस्तकं आणि रिमोटला जागाच नाही. टेबल जुनं असेल तर तेच बघण्यासारखं आहे, वर गर्दी कशाला. औरंगाबादी हिमरूची, म्हणजे रेशीम-सुताच्या नक्षीदार कापडाची अरुंद पट्टी टाका, कडेचं लाकूड दोन्हीकडून दिसलं पाहिजे. त्यावर एखादी बिदरी डबी, उदगीरहून बीदर तसं जवळच. आणि हो, ती डबी पितळेसारखी घासून चमकवायला जाऊ नका, तो काळा रंग मुद्दाम आणलेला असतो, चांदीची नक्षी त्याच्यावरच उठते. सोफा साधा, एका रंगाचा ठेवा. कोरीव टेबल, कोरीव सोफा आणि कोरीव झुंबर एकत्र आलं की हॉल मंगल कार्यालयासारखा दिसायला लागतो.

काच ठेवायचीच असेल तर खाली कोपऱ्यांना रबराची छोटी बटणं लावा, नाहीतर ओल अडकून पॉलिश काचेला चिकटतं. आणि परभणी-नांदेडचा मे महिना तर माहितीच आहे, बाहेर कोरडा उन्हाळा आणि आत कूलरचा दमट झोत, दिवसा लाकूड फुगतं, कूलर बंद झाला की आटतं, आणि जोड हलायला लागतात. टेबल कूलरच्या सरळ तोंडासमोर ठेवू नका, दोन-तीन फूट बाजूला घ्या. पावसाळ्यात ड्रॉवर अडकला तर लगेच रंधा मारायला लावू नका, कडांना मेणबत्ती घासा, आणि तरी नाही निघाला तर दिवाळीपर्यंत थांबा, हवा कोरडी झाली की बहुतेक आपला आपण निघतो.